करंगळीचं माप

कबाइल डोंगरातल्या मेझियानचा बाप बुचाच्या सालीच्या गोल नळ्यांत मधमाश्या पाळायचा. मेझियानने मात्र लाकडी पेटी ठोकली. पोळी बांधायला आत टांगलेल्या दोन चौकटींमध्ये करंगळीएवढी फट ठेवायची, असं त्याने बाजारात ऐकलं होतं. त्याने आपलीच करंगळी लावली. दगडी बांध रचून रचून ती मुसळासारखी झालेली. महिन्याभराने झाकण काढलं, तर माश्यांनी त्या रुंद फटींत आडवीतिडवी पोळी बांधून सगळ्या चौकटी एकमेकींना जखडून टाकल्या होत्या.

"या माश्यांनाच अक्कल नाही," तो चिडून म्हणाला.

"ऐसपैस जागा पाहुण्याला द्यावी, माशीला नाही," शेजारी अंजीर वाळत घालणारी त्याची बायको वर्दिया म्हणाली. "माझी करंगळी लावून बघा की."

त्याने चौकटी सोडवून साफ केल्या आणि तिची करंगळी मध्ये धरून दोन चौकटी तिला भिडेपर्यंत जवळ सरकवल्या. माश्यांना जाण्यापुरतीच फट उरली.

"लग्न नवं होतं तेव्हा धरायचात हात," ती म्हणाली. "आज धरलात, तोही मापाला."

त्या मापाची एक काडी तासली असती, तरी काम भागलं असतं. पण पुढच्या प्रत्येक फटीला मेझियानने तिचाच हात मागितला.