प्लोंगोसाहेब

लग्नापासून मी नवऱ्याला चारचौघांत ‘प्लोंगो’ म्हणायचे. आमच्या जावा बेटावरच्या बोलीत प्लोंगो म्हणजे आ वासून बघणारा बावळट. शेजारणी हसायच्या, तोही हसायचा.

आमच्या लेकीला, रेत्नोला मागणी घालायला दुसऱ्या बेटावरच्या मकास्सरहून पाहुणे आले. त्यांना आमची बोली येत नव्हती. मी आतून ओरडले, “प्लोंगो, चहा ने!”

मुलाचे वडील अदबीनं म्हणाले, “प्लोंगोसाहेब, तुमची लेक आमच्या घरी द्या.”

रेत्नोनं मान खाली घातली. नवरा शांतपणे म्हणाला, “आनंदानं देतो.”

पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, “वार्दोयो नाव आहे म्हणून सांगायचंस ना!”

“मग प्लोंगोचा अर्थ विचारला असता त्यांनी. तुलाच खाली बघावं लागलं असतं.”

जेवायची वेळ झाली, तेव्हा हाक न मारता मी नुसतीच त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले.