अदबीनं विचारलेला प्रश्न

यादी सकाळी दहाला आली आणि मार्सुदीने ती सव्वादहाला मंजूर केली.

जावा बेटावर, सेमारांगजवळच्या एका बुटांच्या कारखान्यात तो शिलाईच्या चौथ्या लाइनीचा प्रमुख होता. लाइनीतल्या बायका त्याला पाकदे म्हणत, म्हणजे मोठे काका. रेंबांगला नवा कारखाना उघडत होता आणि चौथ्या लाइनीतल्या सहा जणी तिथे कायमच्या पाठवायच्या होत्या. तीन तासांची वाट, म्हणजे घर सोडून कारखान्याच्या वसतिगृहात राहणं आलं.

पूर्वी असं काही असलं की मार्सुदी प्रत्येकीच्या मशीनपाशी स्टूल ओढून बसे आणि घरगुती जावानी बोलीत विचारी, "काय गं, जमेल का?" पहिल्यांदा सगळ्याच 'इंग्गिह' म्हणत. इंग्गिह म्हणजे हो. पण खरा अर्थ इतकाच, की तुमचं बोलणं कानावर आलं. मग तो मुलाबाळांची, कोंबड्यांची चौकशी करी आणि पुन्हा विचारी. तिसऱ्या खेपेला कुठे खरं उत्तर बाहेर पडे. दोन दिवस मोडत. ऑफिसातली मंडळी हसत.

यंदा विचारण्याचं काम कंपनीने आणलेल्या बोलणाऱ्या यंत्राकडे होतं. ते फोनवर प्रत्येकीशी बोललं, तेही दरबारी जावानीत, नव्या व्याह्याशी बोलावं तसं. इतक्या अदबीनं विचारल्यावर नाही कोण म्हणणार? चाळीसच्या चाळीस जणी इंग्गिह म्हणाल्या. यंत्राने चाळीस होकार धरले आणि अनुभव पाहून सहा नावं काढली. दुसरं नाव लास्मिनीचं होतं.

तिचा नवरा मासेमारीच्या जहाजावर, सहा-सहा महिने बाहेर. घरी एकटी शाळकरी मुलगी. हे मार्सुदीला अकरा वर्षं माहीत होतं. नाव वाचताना तो क्षणभर थबकलाही होता. पण म्हणाली आहे ना हो, केली असेल काहीतरी सोय, असं मनाशी म्हणून त्याने मंजुरीच्या बटणावर बोट टेकवलं.

चार दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत लाइनीतली पार्ती म्हणाली, "पाकदे, लास्मिनीची पोर सोलोला मावशीकडे चालली. शाळा अर्ध्यावर सोडून."

"ती हो म्हणाली होती."

"मीसुद्धा म्हणाले की. इतकं गोड बोलणं, मला वाटलं राजवाड्यातून फोन आला. उठून डोक्यावरची ओढणी सारखी केली मी."

बायका हसल्या. मग पार्ती टेंपेचा, सोयाबीनच्या वडीचा, तुकडा मोडत म्हणाली, "आम्हाला वाटलं, नंतर तुम्ही याल विचारायला."

मार्सुदी ताट तसंच ठेवून ऑफिसात गेला. तिथली रेत्नो वयाने त्याच्या मुलीएवढी. लास्मिनीचं नाव काढायचंय हे ऐकून ती म्हणाली,

"नाव बदलता येईल, पण मग यादीतली पुढची जाणार. एंदाह."

"तिचं बाळ चार महिन्यांचं आहे."

"तीही हो म्हणाली आहे," रेत्नो म्हणाली. मग जरा खालच्या आवाजात, "मंजुरी तुम्हीच दिलीत. मला वाटलं, तुम्ही बोलला असाल सगळ्यांशी."

संध्याकाळी तो लास्मिनीच्या घरी गेला. तिने चहा आणि तळलेली केळी पुढे ठेवली. मुलगी कोपऱ्यात वह्या खोक्यात भरत होती.

"लास, चूक माझी झाली. मी तुझं नाव काढतो."

"मग कोण जाईल?"

सांगायचं नाही असं ठरवून आला होता, पण तिच्यासमोर खोटं बोलवेना. "एंदाह."

"नाही," लास्मिनी म्हणाली.

एवढा उघडा नकार त्याने तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तो काही बोलणार, तोच ती म्हणाली, "तिचं पोर अजून अंगावर पितं, पाकदे. माझी निदान एकटी बसने जाऊ शकते."

"आधीच मला सांगायचंस."

"कधी?" तिने विचारलं. त्यात टोमणा नव्हता, म्हणून त्याला ते जास्तच लागलं.

मुलीने मान वर केली. "पाकदे, आईला जाशील का असं कुणी विचारलं?"

"फोनवर विचारलं होतं, बाळ."

"हो, पण कुणी?"

कंपनीने, म्हणावं तर ते खरं नव्हतं. यंत्राने, म्हणावं तर मार्सुदीला लाज वाटत होती.

"मोठ्यांना असं उलटं विचारू नये," लास्मिनीने मुलीला दटावलं, आणि हात जोडून, दरबारी जावानीत, तिच्या वतीने त्याची माफी मागितली.