गोल नसलेला पाय

मी एक जुना लेथ आहे, मित्रांनो. लेथ म्हणजे लाकूड गरागरा फिरवून, त्याला पटाशी लावून गोल आकार काढायचं यंत्र. माझ्यात वीज नाही, मोटार नाही. खाली एक लोखंडी पट्टी आहे. तिच्यावर माणसाने पाय मारत राहायचं, की चाक फिरतं आणि चाकाबरोबर लाकूड. सध्या मी तुमच्या शाळेच्या कार्यशाळेत कोपऱ्यात उभा आहे आणि तुम्ही माझ्यावर खुशाल दप्तरं ठेवता. ठेवा बापडे. पण काल माझं फुटलेलं चाक बघून कुणीतरी म्हणालं, "भंगार आहे रे हे!" ते मात्र मला झोंबलं. हे चाक कसं फुटलं ते आधी ऐका, मग मला काय हवं ते म्हणा.

माझे पाय ओतीव लोखंडाचे, चाकही तसंच. एका कातारी माणसाने मला विकत घेतलं आणि त्याच्यामागे त्याचा मुलगा माझा मालक झाला. लाकूड कातणारा तो कातारी. सगळी गल्ली या मुलाला गोलमामा म्हणायची. कारण त्याला जगात गोल सोडून दुसरं काही दिसतच नसे. कुणी चौकोनी पेटी करायला सांगितली तर हा म्हणायचा, "चौकोनी कशाला? गोल डबा करू की!" आमची खोली लांबट होती, गल्लीकडे दोन खिडक्या, शेगडीवर लाकूड चिकटवायच्या सरसाचं भांडं, आणि जमिनीवर घोट्यापर्यंत लाकडाच्या ढलप्या. पलंगाचे पाय, जिन्याचे कठडे, लाटणी, भोवरे, सगळं माझ्यावर झालं. गोलमामाला दोन मुलं. मोठी मुलगी, तिला घरात ताई म्हणत, आणि तिच्याहून तीन वर्षांनी लहान भाऊ. त्यांची आई लवकर गेली होती. पुढे गोलमामाचे गुडघे धरू लागले, तेव्हा पट्टीवर भावाचा पाय आला. काय पाय होता महाराजा! उजव्या पायाने तो असा ताल धरायचा की दिवसभर फिरून मला थकवा म्हणून येत नसे. त्यालाही दुसरं काही नको होतं. "मला इथेच म्हातारं व्हायचंय," असं तो हसत हसत म्हणायचा.

मग युद्ध सुरू झालं. पहिल्या आठवड्यात गल्लीत नुसता जल्लोष होता. जणू सामनाच जिंकून आलेत! पुरवठा खात्याचे एक साहेब आमच्याकडे आले. त्यांच्या हातात एक लाकडी दांडा होता, वीतभर, हातात छान बसणारा. हातबॉम्ब फेकताना धरायचा दांडा. असे दहा हजार हवे होते, आणि सगळे अगदी सारखे. त्यांनी एक पोलादी कडी दिली. दांडा कडीतून अलगद गेला तर पास, केसभर अडकला किंवा सैल पडला तर चुलीत.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू? माझी छाती फुगली. दर हजारातले नऊशे नव्वद दांडे पहिल्या फेरीत पास व्हायचे. साहेबांनी पाठवलेलं प्रशस्तिपत्र चौकटीत बसवून माझ्या डोक्यावर टांगलं गेलं. एकदा ताईने विचारलं, "बाबा, हे पुढे जाऊन करतात काय हो?" गोलमामा दांडा पुसता पुसता म्हणाला, "आपण नुसता दांडा करतो, पोरी. पुढचं त्यांचं ते बघतील." मलाही ते पटलं. मला वाटलं, खरंच, आपलं काम काय तर गोल करायचं.

दुसऱ्या वर्षी भावाला सैन्यातून बोलावणं आलं. जाताना त्याने पट्टीवर पाय ठेवला, चार फेरे मारले आणि ताईला म्हणाला, "चाकाला तेल देत जा हं. हा फार लाडावलेला आहे." मग ताई मला चालवू लागली. पहिल्या महिन्यात तिच्या पोटरीला गोळे यायचे, पण ती हटली नाही. आम्ही दांडे करत राहिलो.

चौदा महिन्यांनी तो परत आला. दोन कुबड्यांवर. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता.

आठवडाभर तो मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होता. एका दुपारी तो पुढे आला, साहेबांकडे जाणाऱ्या पेटीजवळ बसला आणि एक दांडा उचलून बोटांनी फिरवून पाहू लागला.   मग तो बोलला.

"बाबा, तो हातबॉम्ब माझ्यासमोर येऊन पडला ना, तेव्हा फुटायच्या आधी मी त्याचा दांडा पाहिला. उत्तम कातलेला होता. कडांना कुठे ओरखडा नाही. मी मनात म्हटलं, वा, काय हात आहे! आणि त्या नादात माझी उडी चुकली. तिकडेही कुणीतरी कातारी असणार, बाबा. तुमच्यासारखाच."

गोलमामाने त्याच्या हातातून दांडा घेतला, पेटीत ठेवला, परत उचलला. त्याला तो कुठे ठेवावा हेच कळेना. मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. माझ्यावरून गेलेले हजारो दांडे, ते कुणाकुणापुढे जाऊन पडले असतील? आमचे दांडे तिकडे आणि त्यांचे इकडे. मधे माणसांचे पाय.

त्या दिवसापासून दांड्यांचं काम थांबलं. लवकरच युद्धही थांबलं, निदान पेपरात तरी. आणि गोलमामाने ठरवलं की मुलाला पाय करून द्यायचा. चार दिवस तो माझ्यासमोरून हलला नाही. घरातलं सगळ्यात चांगलं, वर्षानुवर्षं वाळवलेलं लाकूड काढलं. वरच्या बाजूला उरलेला पाय बसायला खोबण केली, अगदी कंपासने काढावी तशी गोल. खाली नडगी, घोट्यापाशी तीन नक्षीची वळी, आणि वर पॉलिश. पाहणारे तोंडात बोटं घालत. "मामा, पाय आहे की पलंगाचा खूर?" गल्लीतला न्हावी म्हणाला. गोलमामा आनंदात होता. मीही.

भावाने तो पाय बांधला आणि चालून दाखवलं. "कसा आहे?" बापाने विचारलं. "झकास," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशीही झकास. तिसऱ्या दिवशी ताईने उरलेल्या पायावरचा मोजा धुवायला घेतला, तर तो रक्ताने कडक झालेला.

ती मोजा तसाच हातात घेऊन पुढे आली. "बाबा, हे बघा!"

"घट्ट झालं असेल. अजून थोडं कातून मोठं करतो."

"मोठं करून काय होणार? गोलच राहणार ना ते! त्याचा पाय गोल नाहीये, बाबा. एका बाजूला हाड आहे, मागे मांस आहे, खाली टाक्यांची गाठ आहे. कुणाचाच पाय गोल नसतो!"

गोलमामाच्या नाकावर राग चढला. "चाळीस वर्षं हे काम करतोय मी."

"पलंगांचं," ताई म्हणाली.

मित्रांनो, मला काय वाटलं असेल? माझ्यावर गोल सोडून काही होतच नाही. पण ती खरं बोलत होती. कडीतून जाणारे दहा हजार दांडे करणं सोपं. एका माणसाचा एक पाय करणं अवघड, कारण तसा दुसरा पाय जगात नाही.

ताईने नवा लाकडाचा ठोकळा घेतला. दिव्याची काजळी तेलात कालवून ती भावाच्या पायाला फासायची, पाय खोबणीत दाबायची आणि बाहेर काढायची. जिथे काळा डाग लागला तिथे लाकूड टोचतंय. मग तेवढंच अर्धगोल पटाशीने खरवडायचं. परत काजळी, परत डाग. असं सव्वीस वेळा. भाऊ एकदा वैतागून म्हणाला, "ताई, सोड ना, कुबड्या बऱ्या." ती म्हणाली, "गप बस आणि पाय दे." सव्विसाव्या खेपेला डाग सगळीकडे सारखा फिका लागला. गोलमामा हे सगळं लांबून पाहत होता. तो उठला, जवळ आला आणि त्याने खोबणीतून अंगठा फिरवला. "नडगी मी कातून देतो," एवढंच म्हणाला.

लाकडी पायाने पट्टी मारणं जमेना. म्हणून भावाने सगळा भार लाकडी पायावर टाकून डाव्या पायाने मला चालवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी तो दोनदा पडला. ताल सगळा बिघडलेला, लाकूड थाडथाड उडायचं. मी दात ओठ खाऊन फिरत होतो. तीन महिन्यांनी त्याचा ताल बसला. त्या सकाळी तो ओरडला, "ताई, ऐक! ऐक आवाज!" आणि ताई दारात उभी राहून हसता हसता रडली.

मग माणसं येऊ लागली. पाव भाजणाऱ्याचा मेहुणा आला. एक मास्तर आले, ते युद्धात पलीकडच्या बाजूने लढले होते. भावाने त्यांचाही पाय मांडीवर घेऊन काजळी फासली. आणि शाळेच्या शिपायाची आठ वर्षांची नात आली. ती कुठल्याच बाजूची नव्हती. युद्ध संपल्यावर, चेंडू आणायला शेतात गेली आणि जमिनीत पुरलेल्या सुरुंगावर तिचा पाय पडला. ती वाढत होती, म्हणून तिला दरवर्षी नवी नडगी लागणार होती. रांग दारापर्यंत लागायची. खोबणी ताई कोरायची, नडग्या भाऊ माझ्यावर कातायचा.

चार वर्षं गेली आणि पुन्हा तेच वारं सुटलं. एका शुक्रवारी तेच साहेब आले, जरा जाड झालेले. "मामा, या वेळी वीस हजार."

गोलमामा म्हणाला, "नाही जमायचं, साहेब."

"अहो, नुसते दांडे तर आहेत!"

"हो ना. मीही तेच म्हणत होतो."

साहेबांचा आवाज बदलला. "कायदा आहे, मामा. तुम्ही नाही केले तर सोमवारी ट्रक येईल, मशीन उचलू. करणारे दुसरे पुष्कळ आहेत."

साहेब गेले. मला लपवायचं म्हटलं तर चार माणसांनीही मी हलत नाही. शेवटी भाऊ उठला. ज्याला माझ्यापाशीच म्हातारं व्हायचं होतं, माझ्यासाठी जो पडून पडून परत उभा राहिला होता, तो. "दोन दिवस आहेत," तो म्हणाला. "ताई, माळ्यावरची सगळी लाकडं काढ."

शनिवार आणि रविवार आम्ही थांबलो नाही. तिघांनी पाळीपाळीने पट्टी मारली. एकेचाळीस नडग्या झाल्या. त्यातल्या सहा त्या मुलीच्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा बोटभर लांब, अठरा वर्षांची होईपर्यंतच्या. प्रत्येक नडगीवर ताईने नाव लिहिलं.

सोमवारी सकाळी भावाने माझ्या चाकाला तेल दिलं. मग म्हणाला, "बाबा, घण द्या."

गोलमामाने घण दिला, पण सोडला नाही. "पोरा, नीट विचार कर. परत असा मिळायचा नाही."

"म्हणूनच, बाबा. त्यांनाही मिळायला नको."

त्याने लाकडी पायावर सगळा भार टाकला. मी घाबरलो होतो, मित्रांनो, खूप घाबरलो होतो. पण मी मनातल्या मनात म्हणालो, मार. चांगला नेम धरून मार. तिसऱ्या घावाला माझं चाक फुटलं आणि दांडा तोलून कातता येईल असं माझ्यात काही उरलं नाही. ट्रक आला तो रिकामा गेला. भावाला अकरा दिवस कोठडीत ठेवलं. बाराव्या दिवशी तो आला आणि नडग्या हाताने, सुरीने तासायला बसला. जिथे आठवड्याला पाच पाय पुरे व्हायचे तिथे एक होऊ लागला. पण काम बंद पडलं नाही.

हे असं झालं. आता तुमचे सर म्हणतात की माझं चाक जोडून घेऊ. जोडा, मला आनंदच आहे. मला फिरायला फार आवडतं. भोवरे करा, खुर्च्यांचे पाय करा, माणसांचे पाय करा. तेल द्या, धूळ पुसा. पण माझ्यावर लाकूड चढवण्याआधी प्रत्येक वेळी विचारा, की हे बनून कुणाच्या हातात जाणार आणि कुणापुढे जाऊन पडणार. ज्याला सांगता येणार नाही त्याला तोंडावर नाही म्हणा. मी हजारो दांडे केले, पण तेव्हा मला नाही म्हणता आलं नाही. मला तोंड नाही. तुम्हाला आहे.