घाटात किती देते?

नवी गाडी कधी येणार हे तुम्हालाच ठाऊक नव्हतं, तरी तुम्ही तारीख दिलीत. तीनदा दिलीत. कंपनीच्या मोठ्या साहेबांनो, याला आमच्याकडे खोटं बोलणं म्हणतात.

मित्रांनो, मी एक जुनी पेट्रोल गाडी आहे. चौदा वर्षांपूर्वी यशोधराताईंनी मला बीडहून चौसाळ्याला आणलं. ताई शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांच्या आई चतुराबाई. त्यांनी माझ्या बॉनेटवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "लई गुणाची दिसती." त्यानंतर माझं कौतुक असं कोणी केलं नाही. पण बाई दार नेहमी हळू लावायच्या.

माझ्या पुस्तकात लिहिलं होतं, लिटरला वीस किलोमीटर. ताईंना ते पटलं नाही. त्यांनी टाकी गळ्यापर्यंत भरली, मला दोन्ही बाजूंनी गदागदा हलवून आतली हवा काढली, वर पुन्हा पेट्रोल घातलं. आठवडाभर चालवून तशीच पुन्हा भरली. तेरा निघाले. पंपावरचा सुग्रीव हसला. "ताई, पुस्तकातली गाडी बीडला उतरून जाती. माघारी घाट चढून येत न्हाई."

तीन वर्षांपूर्वी चतुराबाईंच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा बीडला डायलिसिस सुरू झालं. मीच नेते, मीच आणते. मी पेट्रोल फार पिते, म्हणून गेल्या वर्षी ताईंनी हायब्रीड गाडी घ्यायचं ठरवलं. पेट्रोलही आणि बॅटरीही, वर चार्जिंगला लावायची कटकट नाही. शोरूममधल्या अभिमन्यूने सांगितलं, दसऱ्याला येते. लिटरला अठ्ठावीस.

"मांजरसुंब्याच्या घाटात, एसी लावून, चार माणसं बसवून किती देते?" ताईंनी विचारलं.

"मॅडम, कंपनीचा आकडा हाय की तो."

"मंग कंपनीला म्हणावं, एकदा घाट चढून दाखव," चतुराबाई म्हणाल्या. अभिमन्यूने त्यांना चहा मागवला.

तेव्हा इंजिन थंड ठेवणारा माझा रेडिएटर गळायला लागला होता. मेकॅनिक बंकट खाली वाकून बघत म्हणाला, "ताई, नवी येऊ लागली ना? मंग हिला कावून नवा रेडिएटर घालता? ठिगळ मारून देतो."

ताईंना ते बरोबर वाटलं. दसऱ्याला गाडी आली नाही. गुढीपाडव्याची तारीख मिळाली, मला दुसरं ठिगळ मिळालं. पाडवा गेला. मग जूनची तारीख आली, आणि ठिगळ तिसरं.

मे महिन्यात बीडहून परतताना घाटाच्या मध्यावर माझा तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला. बॉनेटखालून वाफ निघाली. मी थांबले. चतुराबाई नुकत्याच मशीनवरून उठलेल्या, मागच्या सीटवर. सावलीला एक झाड नव्हतं. गाडीत पाण्याची एकच बाटली होती. डायलिसिसच्या माणसाला पाणी मापून प्यावं लागतं, आणि ती बाटली म्हणजे बाईंचं दिवसभराचं माप.

ताई बाटली हातात धरून उभ्याच राहिल्या.

"घाल तिला," चतुराबाई म्हणाल्या. "ती चालली तर मी घरी जाईन."

पाणी माझ्या पोटात गेलं आणि सुटलेल्या ठिगळातून खाली रस्त्यावर सांडलं. थोड्या वेळाने बाईंची मान कलली. एका टेम्पोवाल्याने दोघींना परत बीडला नेलं. चतुराबाई चार दिवस दवाखान्यात होत्या. वाचल्या. आता त्यांना उठायला दोन माणसं लागतात.

शुद्धीवर आल्यावर त्या ताईंना म्हणाल्या, "गाडीला बोल लावू नको. आपणच वाट बघत बसलो."

बंकटने मला नवा रेडिएटर बसवला. दिवसभर मान वर केली नाही त्याने.

मित्रांनो, नवी येणार म्हणून जुनीचं दुखणं अंगावर काढू नका. तुम्हाला एवढंच सांगायचं होतं. बाकीचं साहेबांना.

साहेब, जून गेला. अजून आम्ही आठवड्यातून तीनदा तोच घाट चढतो. भर उन्हात, एसी लावून, चार माणसं घेऊन तुमची गाडी तो घाट चढताना लिटरला किती देते? मोजलं असेल तर आकडा सांगा. मोजलं नसेल तर तेही सांगा. आणि गाडी कधी येणार हे माहीत नसेल, तर 'माहीत नाही' असं सही करून लिहून द्या. देता का?