फियाटच्या एक्सलवरची रिंग

रिंग ओढून काढायच्या पुलरचं नख तुटलं आणि गॅरेजच्या पत्र्यावर जाऊन आदळलं. तो आवाज जळकोटात ऐकू गेला असं मी सांगतो, आणि जळकोट किती लांब आहे ते लोक मला सांगतात. असू दे लांब. पण त्या आवाजानंतर जी शांतता पसरली, तिच्यात मी पदरचं काही घालणार नाही.

अहमदपुरात नांदेड रोडला चांदपाशा मिस्त्रीचं गॅरेज आहे. ट्रक चालवायचं सोडल्यापासून माझं बूड तिथल्याच बाकड्यावर असतं. त्या दिवशी जॅकवर शेषेरावांची जुनी फियाट होती, पुढचं डावं चाक काढलेलं. बेअरिंग बाहेर आलं होतं, पण त्याची आतली रिंग एक्सल सोडायला तयार नव्हती. बत्तीनं तापवून झालं, करडीचं तेल पाजून झालं, आता पुलरही गेला.

"एवढा गंज आला कुठून, अब्बा?" जावेदनं विचारलं. हा चांदपाशाचा थोरला, पस्तिशीचा. नांदेडला नव्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये मिस्त्री. सुट्टीला आला होता.

"नारळ," चांदपाशा म्हणाला. "मालक दर दसऱ्याला ह्याच चाकावर नारळ फोडतेत. सगळं पानी आत."

"मग काय बोनेटवर फोडू?" शेषेराव तडकले. "पत्रा चेपंल की!"

आता रिंग कापूनच काढावी लागणार होती. ग्राइंडरनं तिला खाच पाडायची आणि कागदाएवढं लोखंड उरलं की थांबायचं. मग छन्नीचा एकच घाव. हात जरा खोल गेला की खालचा एक्सल कापला जाणार, आणि तसला एक्सल शोधायला शेषेराव पार हैदराबादच्या भंगार बाजारापर्यंत जाऊन रिकामे परतले होते. एक्सल गेला की गाडी गेली.

"घरचे म्हनून राहिले, ईकून टाका," शेषेराव मला सांगत होते. "म्हनलं, चांदपाशाचा हात हाय तवर गाडी हाय. दुसऱ्या कुनाला मी बोल्टला बी हात लावू देनार न्हाई."

'दुसऱ्या कुनाला' म्हणताना त्यांनी जावेदकडे बघितलं. मागच्या खेपेला जावेद 'भंगारात घाला' म्हणाला होता, ते त्यांनी गाठीला बांधून ठेवलं होतं.

आणि चांदपाशाचा तो हात! हिवाळ्यापासून थरथरत होता. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा. मी विचारलं की म्हणायचा, थंडी वाजून राहिली. भर उन्हाळा आला तरी त्याची थंडी काही जाईना.

त्यानं ग्राइंडर चालू केला. चकती रिंगेवर टेकली आणि सरकली, परत टेकली, परत सरकली. शेषेराव चष्मा पुसत होते म्हणून त्यांच्या नजरेतून सुटलं. चांदपाशानं ग्राइंडर बंद केला.

"वैजूभाऊ," तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "मालकाला तिकडं लिंबाखाली न्या. ठिणग्या उडतेत. ती भोकरच्या चाकाची गोष्ट सांगा त्यास्नी."

"पुरी सांगू?"

"लांबवून सांगा."

शेषेरावांना मी रस्त्याकडं तोंड करून बसवलं आणि स्वतः गॅरेजकडं तोंड करून बसलो.

"तर भोकरच्या अलीकडच्या उतारावर," मी सुरू केलं, "माझ्या ट्रकचं चाक निखळलं आन् मलाच ओव्हरटेक करून गेलं."

"डावं का उजवं?"

"डावं. जाताना हात दाखवून गेलं."

त्यांच्या खांद्यावरून मला दिसत होतं. चांदपाशानं ग्राइंडर जावेदपुढं धरला. जावेद मागं सरला.

"अब्बा, मालक काय म्हनले ऐकलं न्हाई का?"

"ऐकलं. धर."

ग्राइंडर किंचाळला. जावेद वाकला, आणि चांदपाशानं आपला थरथरता हात त्याच्या पाठीवर ठेवला.

"मग?" शेषेराव म्हणाले.

"मग काय, मी उरलेल्या चाकांवर मागं. वाटेत माणसं सांगायची, तुमचं चाक आत्ताच गेलं बघा पुढं."

ग्राइंडरचा आवाज जड झाला. अजून लोखंड बरंच होतं. मग आवाज बारीक होत गेला. ट्रक चालवून चालवून माझ्या कानाला तेवढं कळतं. पाणी भरत आलेल्या घागरीसारखा तो वर वर चढत होता. अजून कापतोय? थांब की लेका! माझ्या गोष्टीतलं चाक रस्त्यातच राहिलं.

"वैजनाथ, पुढं काय झालं?" शेषेराव मान वळवू लागले.

"भोकरला गेलो तर!" मी त्यांचा गुडघाच धरला. "चाक हॉटेलाला टेकून उभं. हॉटेलवाला म्हनतो, दोन चहा सांगून ठेवलेत तुमच्या चाकानं!"

शेषेराव हसले नाहीत. तिकडं चांदपाशाची बोटं पोराच्या पाठीवर रुतली. ग्राइंडर थांबला. जावेदनं छन्नी लावली, हातोडा उचलला, बापाकडं बघितलं. बापानं डोळे मिटले.

टण्!

रिंग दुभंगून फरशीवर पडली.

शेषेराव माझ्या आधी पोचले. त्यांनी एक्सलवरून अंगठ्याचं नख हळूहळू फिरवलं, एकदा, दोनदा. नख कुठं अडलं नाही. जावेद दूर जाऊन उभा होता, ग्राइंडर चांदपाशाच्या हातात होता. कधी घेतला, ते मलाही दिसलं नाही.

"चांदपाशा!" शेषेरावांनी हात पुढं केला.

"हात काळे हायत, मालक." त्यानं ग्राइंडर खाली ठेवून मनगट पुढं केलं, मिस्त्री लोक करतात तसं.

शेषेरावांनी मनगट धरलं. धरल्यावर त्यांचा चेहरा जरासा बदलला. त्यांनी मनगटाकडं बघितलं, मग जावेदच्या कपाळावरच्या घामाकडं, मग माझ्याकडं. जन्मभर थापा मारलेला मी, खाली वाकून रिंगेचे तुकडे गोळा करू लागलो.

"जावेद," शेषेराव म्हणाले, "दुसऱ्या बाजूचं बी बघून घे. घाई करू नको. तुझे अब्बा सांगतील तसं कर."

"हाव, मालक."

चांदपाशा जमिनीकडं बघत होता. शेषेरावांनी त्याचं मनगट सोडलं नव्हतं. दुसराही हात त्याच्यावर ठेवला होता. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीला ग्रीस लागत चाललं होतं.