सड्यावरचे कंदील

कंदीलपुष्पाच्या दोन जाती शेजारी शेजारी फुलतात अशी जागा सौंदर्याला पन्हाळ्यापलीकडच्या एका सड्यावर, उघड्या कातळपठारावर, सापडली होती. एक जात कातळाच्या फटीत ताठ उभी राहायची, दुसरी झुडपाला वेढे घालत चढायची. दोन्हींच्या फुलांत बारीक माश्या अडकायच्या. त्या माश्या एकाच जातीच्या की वेगवेगळ्या, यावरच तिची पीएचडी होती.

ती ब्लेडनं फूल चिरत असताना जेसीबी वर आला. मागून बुलेटवर तिचा मामेभाऊ मृत्युंजय. सडा त्यानं रिसॉर्टसाठी घेतला होता.

"सौंदे, ऊठ. सपाटी करायची हाय."

"दादा, फुलं सरूपर्यंत थांब की. मग कंद काढून नेते मी."

"गवतापायी मशीन उभी करू व्हय?"

ती जेसीबीच्या बकेटसमोर बसली. ड्रायव्हर आकारामनं इंजिन बंद केलं. "मालक, माणसावर न्हाय घालणार मी."

मृत्युंजयनं त्याला खाली ओढून थोबाडीत मारली आणि स्वतः वर चढला. बकेट तिला वळसा घालून कातळाला भिडली. उभ्या जातीची झाडं मातीसकट उलथली. सौंदर्यानं दगड भिरकावला, काच फुटली. तो उडी मारून आला, तिची वेणी मुठीत धरून त्यानं खरबरीत जांभ्या दगडावरून तिला फरफटत नेलं. गुडघे सोलले. पोटात लाथ बसली. तिच्या नमुन्यांच्या बाटल्या त्यानं बुटाखाली चिरडल्या.

तिच्या हाताला कंद काढायचं खुरपं लागलं. तिनं ते फिरवलं. ते त्याच्या मनगटात रुतलं, रक्ताची धार उडाली आणि तो मटकन खाली बसला. तिनं पुन्हा खुरपं उचललं, या वेळी त्याच्या मानेवर.

आकारामनं तिचा हात धरला. "ताई, मरंल की त्यो!"

"मरू दे!"

मृत्युंजयची दोन बोटं कायमची लुळी पडली. दोन्हीकडून पोलिसात तक्रारी गेल्या, सपाटीचं काम अडकलं. आईचं माहेर तुटलं. वेली तेवढ्या उरल्या. उभ्या जातीचं एकही झाड वाचलं नाही. तुलनाच संपली.

पेठ वडगावच्या घरी वडील भरमाप्पा तिच्या गुडघ्यांना मलम लावत होते.

"मामा म्हणतोय, माफी माग, मिटवू."

"मारल्याचं वाईट वाटत न्हाय, आप्पा. दुसऱ्यांदा खुरपं उचललं, त्याचं भ्या वाटतंय. आकाराम नसता तर..."

भरमाप्पांनी तिचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.