न वाकणारा घोटा

मित्रांनो, त्या दुपारी शिवणकाकूंनी पडद्याची शेवटची शिवण घातली, दोरा दातांनी तोडला आणि आत हाक मारली, "अगं, चहा टाकतेस की तोही मीच शिवू?" त्यांची मुलगी हसत उठली. दुसऱ्या दिवशी काकू उठल्याच नाहीत. झोपेतच गेल्या.

मी त्यांच्या शिलाई मशीनचं जुनं पायडल आहे. ओतीव लोखंडाचं, जाळीदार. चाळीस वर्षं काकूंचे दोन्ही पाय माझ्यावर होते. लोक त्यांचे हात वाखाणत. पाय मात्र माझ्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते.

म्हणून उजव्या घोट्याची कुरकुर आधी मला कळली. तो तरुणपणी एकदा मोडला होता. हाड जुळलं, पण सांधा आतून झिजत गेला. काकू तो पाय माझ्या कडेला नुसता टेकवू लागल्या. मग घोट्याला पट्टा आला, जाड तळाचे बूट आले, व्यायाम झाले, दोनदा इंजेक्शन झालं. प्रत्येकाने चार दिवस बरे गेले.

एकदा दवाखान्यातून येऊन त्या स्टुलावर बसल्या.

"डॉक्टर म्हणाले, इतके दिवस घाई नव्हती. पण आता बसल्या जागी दुखतं, झोपमोड होते, आणि वर्षभर सगळं करूनही उतार नाही. ऑपरेशनचा विचार करा म्हणाले. सांधा जोडून टाकतील. दुखणं बहुतेक जाईल, पण घोटा वाकणार नाही."

"मग मशीन कसं चालवणार?" मुलगी म्हणाली. "या वयात कशाला चिरफाड? चाललंय ना?"

"चाललंय कुठे? भिंती धरून चालतेय मी! बाजारात भाजी नाही बघत, बसायला ओटा कुठेय ते बघते."

"उद्या शिवणकाम सुटलं तर मला बोलू नकोस."

"नाही बोलणार. तुला बटणं लावायला बसवीन."

धास्ती मलाही होती. माझं सगळं काम घोट्याच्या तालावर चालतं. काकूंनी ऑपरेशन करून घेतलं आणि कित्येक महिने मशीनवर चादर होती. परतल्यावर पहिल्याच दिवशी चाक उलटं फिरलं, दोरा दोनदा तुटला. काकूंनी दोऱ्याला एक शेलकी शिवी दिली, स्टूल वीतभर मागे सरकवलं आणि गुडघ्यातून जोर लावून पाहिला. डावा पाय पुढे, उजवा साथीला. पंधरा दिवसांत टाका सरळ पडू लागला. पुढची सहा वर्षं त्या शिवत राहिल्या, आणि बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन येत राहिल्या.

मित्रांनो, पायाचं दुखणं लपवू नका. लगेच ऑपरेशनकडेही धावू नका. साधे उपाय मनापासून करा. पण ते थकले आणि कुठे जायचं हे दुखणंच ठरवू लागलं, तर डॉक्टरांना नीट विचारा: काय मिळेल, काय जाईल? आणि ज्याचा पाय, त्याला ठरवू द्या.

आज मुलगी मशीन पुसायला आली. फडकं हातातच राहिलं. ती स्टुलावर बसली, तिचे पाय माझ्यावर टेकले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तरी ती मोठ्याने बोलली.

"आई, मशीनचं नुसतं निमित्त होतं गं. तू ऑपरेशनमधून परत येणार नाहीस, याची मला भीती वाटत होती. तुझंच बरोबर होतं."